कर उतरला, माथी भडकली

१७७३ सालच्या डिसेंबरात बॉस्टन बंदरात तीन जहाजांवर जो चहा येऊन पडला होता, तो त्याआधी कायदेशीर मार्गाने आलेल्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. लंडनच्या पार्लमेंटने मुद्दाम तशी तजवीज केली होती. तरी बॉस्टनकरांनी तो धक्क्यावर उतरू दिला नाही, सगळा खाडीत ओतला. त्याच्या नऊ वर्षं आधी, १७६४ मध्ये, मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आली होती. निम्मा कर माफ झाला म्हणून कोणी आभार मानले नाहीत. उलट तक्रारींचे अर्ज गेले, पत्रकं निघाली.

करांच्या ओझ्याखाली चिरडलेली रयत उठली आणि अमेरिका स्वतंत्र झाली, ही शाळेत ऐकलेली गोष्ट या दोन घटनांपाशी अडखळते. त्या काळात इंग्लंडमधला सामान्य माणूस अमेरिकेतल्या वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी पट जास्त कर भरत होता. जमीन, खिडक्या, मीठ, साबण, मेणबत्त्या, बिअर, सगळ्यावर. मॅसॅच्युसेट्सच्या किंवा व्हर्जिनियाच्या माणसाला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. मग जगातल्या सर्वांत कमी कर देणाऱ्या लोकांमध्ये मोडणारी ही माणसं बारा वर्षांत राजाविरुद्ध बंदूक उचलण्यापर्यंत कशी आली?

युद्ध जिंकलं, तिजोरी आटली

सुरुवात एका विजयापासून होते. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनने उत्तर अमेरिकेतून फ्रान्सला हुसकावलं. कॅनडा हाती आला, मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख आला. पण युद्धाआधी साडेसात कोटी पौंडांच्या आसपास असलेलं राष्ट्रीय कर्ज तेरा कोटींवर गेलं. सरकारी उत्पन्नातला निम्म्याहून अधिक पैसा व्याजातच जाऊ लागला. त्यात नव्या मुलखाच्या राखणीसाठी दहाएक हजार शिपाई अमेरिकेत ठेवायचं ठरलं. इंग्लंडमध्ये आणखी कर लावायला जागा उरली नव्हती. १७६३ मध्ये सफरचंदाच्या दारूवर कर बसवला तर त्या बागाइती जिल्ह्यांत दंगे झाले.

पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हा पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस. त्याने अमेरिकेतल्या जकात खात्याची वही मागवली. सगळ्या वसाहतींमधून मिळून वर्षाला दोन हजार पौंडही धड जमा होत नव्हते आणि खात्याचा खर्च आठ हजारांच्या घरात होता. म्हणजे जकात गोळा करायलाच पदरचे पैसे जात होते. ज्यांच्यासाठी युद्ध केलं, त्यांनी निदान शिपायांच्या खर्चाचा वाटा उचलावा, हे त्याचं म्हणणं लंडनमध्ये कोणालाही पटण्यासारखंच होतं.

आता मळीचं पाहू. मळीपासून दारू होते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. न्यू इंग्लंडचे व्यापारी खारे मासे आणि इमारती लाकूड वेस्ट इंडीजच्या ऊसबेटांवर न्यायचे आणि परत येताना मळीची पिंपं भरून आणायचे. त्या मळीची रम व्हायची. एकट्या लहानग्या ऱ्होड आयलंडमध्ये तीसेक भट्ट्या होत्या. ही रम घरी प्यायली जायची, मासेमारीच्या बोटींवर जायची आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम विकत घ्यायलाही वापरली जायची. मळी बहुतेक फ्रेंच बेटांवरून यायची, कारण तिथे ती स्वस्त होती. फ्रान्सने आपली ब्रँडी सांभाळण्यासाठी रमला दार बंद केलं होतं, त्यामुळे फ्रेंच मळेवाल्यांना मळी कुठेतरी खपवायचीच होती.

ब्रिटिश बेटांवरच्या मळेवाल्यांच्या भल्यासाठी १७३३ मध्येच परकीय मळीवर गॅलनमागे सहा पेन्स जकात बसली होती. ती कोणी भरत नसे. जकात अधिकाऱ्याच्या हातावर गॅलनमागे एखाद-दीड पेनी ठेवली की फ्रेंच मळी कागदावर ब्रिटिश व्हायची. तीस वर्षं हे असंच चाललं. ग्रेनव्हिलने १७६४ मध्ये दर निम्मा केला, पण सोबत वसुलीची यंत्रणा आणली: आरमाराची गस्त, प्रत्येक मालाची लेखी कागदपत्रं, आणि कागद चुकला तर जहाज जप्त. खटला चालणार सागरी न्यायालयात. तिथे स्थानिक लोकांची ज्युरी नाही, आणि आपण निर्दोष आहोत हे मालकाने सिद्ध करायचं. असं एक न्यायालय दूर हॅलिफॅक्सला उघडलं. कागदावरच्या सहा पेन्सपेक्षा खिशातून खरोखर जाणारे तीन पेन्स जड होते ते यामुळे.

पण व्यापाऱ्यांच्या नुकसानीपेक्षा मोठी गोष्ट त्या कायद्याच्या प्रस्तावनेत होती. आधीच्या जकाती व्यापाराला वळण लावण्यासाठी आहेत, असं मानलं जायचं आणि पार्लमेंटचा तो अधिकार कोणी नाकारत नव्हतं. १७६४ च्या कायद्याने मात्र स्वच्छ म्हटलं की हा पैसा महसूल म्हणून उभा करायचा आहे. बॉस्टनचा वकील जेम्स ओटिस आणि त्याच्यासारखे थोडेच लोक यावर लगेच बोट ठेवू शकले. बाकीच्यांना तो मुद्दा समजावून द्यायचं काम पुढच्याच वर्षी मुद्रांकांनी केलं.

स्टॅम्प पेपर आणि एल्मचं झाड

मुद्रांक कायदा मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने फारशा विरोधाविना मंजूर केला. अंमल १ नोव्हेंबरपासून. इंग्लंडमध्ये असा कर १६९४ पासून होता, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वसाहतींमध्ये मात्र त्याने एकाच वेळी सगळ्यांना गाठलं. खरेदीखत, मृत्युपत्र, कोर्टातला अर्ज, दारूचा परवाना, जहाजाचे कागद, पंचांगवजा वार्षिकी, वर्तमानपत्र, हे सगळं लंडनहून छाप मारून आलेल्या कागदावरच हवं. वर्तमानपत्राच्या प्रत्येक जाहिरातीवर दोन शिलिंग. कॉलेजच्या पदवीवर दोन पौंड. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग. शिवाय हे पैसे रोख ब्रिटिश चलनात द्यायचे, ज्याची वसाहतींमध्ये कायम चणचण असे.

राजकारणाच्या दृष्टीने ही निवड घातक होती. वकील आणि छापखानेवाले या दोन जमातींना एकदम दुखवायचं म्हणजे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या सगळ्यांना अंगावर घ्यायचं. व्हर्जिनियाच्या विधानसभेत मे महिन्यात पॅट्रिक हेन्री या नवख्या सभासदाने ठराव मांडले: आमच्यावर कर लावण्याचा अधिकार आमच्या विधानसभेचाच. त्यातले जहाल ठराव सभागृहाने पुरते स्वीकारलेही नव्हते, पण वर्तमानपत्रांनी ते सगळेच छापले आणि गावोगावी पोचवले.

१४ ऑगस्ट १७६५ च्या सकाळी बॉस्टनच्या दक्षिण भागात एका जुन्या एल्मच्या झाडाला एक पुतळा टांगलेला दिसला. तो अँड्र्यू ऑलिव्हरचा होता, ज्याची मॅसॅच्युसेट्समध्ये मुद्रांक-वाटपासाठी नेमणूक झाली होती. शेजारी एक मोठा बूट आणि त्यातून डोकावणारा सैतान. हा माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट याच्या नावावरचा टोमणा. बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालावर पोरं खोटा खोटा शिक्का मारत होती. संध्याकाळी एबेनेझर मॅकिंटॉश या चांभारकाम करणाऱ्या पुढाऱ्यामागे मोठा जमाव निघाला. ऑलिव्हरची धक्क्याजवळची नवी इमारत मुद्रांक कचेरीच असणार असं धरून ती पाडली, तिची लाकडं टेकडीवर नेऊन जाळली. दुसऱ्या दिवशी ऑलिव्हरने पद सोडायचं कबूल केलं. अजून मुद्रांकाचा एक कागदही बंदरात आलेला नव्हता.

बाराच दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर धुऊन नेलं. भिंतींची लाकडं उचकटली, तळघरातली दारू संपवली आणि त्याने लिहायला घेतलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाची हस्तलिखित पानं रस्त्यावरच्या चिखलात फेकली. हचिन्सन खासगीत या कायद्याच्या विरोधातच होता. या प्रकाराने चळवळीतले सभ्य व्यापारी हादरले आणि पुढे जमावाला लगाम घालण्याची खटपट करू लागले. पण युक्ती सगळ्यांना कळली होती: कायदा रद्द करता येत नसेल तर तो राबवणारा माणूस घाबरवायचा. १ नोव्हेंबर उजाडेपर्यंत जवळपास सगळ्या वसाहतींमधल्या मुद्रांक-वाटपदारांनी राजीनामे दिले होते. कागद विकायलाच कोणी उरलं नाही.

ऑगस्टच्या त्याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय घडलं, तेही पाहण्यासारखं आहे. १२ ऑगस्ट १७६५ रोजी, म्हणजे एल्मच्या झाडावर पुतळा टांगला जाण्याच्या दोन दिवस आधी, अलाहाबादला बादशहा शाह आलमने रॉबर्ट क्लाइव्हच्या हाती बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, दिली. ज्या अधिकारासाठी पार्लमेंट बॉस्टनमध्ये धडपडत होतं, तो कोट्यवधी लोकांच्या बाबतीत ईस्ट इंडिया कंपनीला एका फर्मानाने मिळाला. या दोन धाग्यांची गाठ पुढे चहाने मारली.

प्रतिनिधी कोणाचा?

ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एकमेकींशी सीमांवरून भांडणाऱ्या वसाहती स्वतःहून एकत्र बसण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग. त्यांनी राजनिष्ठा जाहीर केली आणि सोबत सांगितलं की इंग्रज माणसाचा पैसा त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून घेता येत नाही, आणि आमचा प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाही.

लंडनचं उत्तर तयार होतं. ग्रेनव्हिलचा सहकारी थॉमस व्हेटली याने मांडलं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचाही पार्लमेंटमध्ये सभासद नाही. तरी ती शहरं कर देतात, कारण पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. उलट ओल्ड सॅरमसारख्या ओसाड टेकाडाला दोन सभासद होते. ही व्यवस्था विचित्र आहे हे इंग्लंडमध्येही अनेकांना दिसत होतं. मेरीलंडचा वकील डॅनियल ड्युलनी याने नेमका फरक दाखवला. मँचेस्टरवर बसणारा कर लंडनच्या सभासदालाही भरावा लागतो, म्हणून तो हात आखडता घेतो. अमेरिकेवरच्या कराचं उलट आहे. तिथे जितका जास्त कर, तितका इंग्लंडमधल्या सभासदाचा आणि त्याच्या मतदाराचा बोजा हलका.

यावर सोपा उपाय होता तो अमेरिकेतून सभासद निवडून पाठवण्याचा. वसाहतींना तोही नको होता. तीन हजार मैलांवर बसलेले मूठभर सभासद दरवेळी मतदानात हरणार आणि कराला संमती दिल्याचा शिक्का मात्र बसणार, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांना आपापली विधानसभा हवी होती, जिथला सभासद त्याच गावच्या बाजारात दुसऱ्या दिवशी भेटतो.

कायदा मोडीत निघाला तो या युक्तिवादांपेक्षा व्यापाराच्या ताळेबंदामुळे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं थांबवलं. इंग्लंडमधल्या कारखानदारांनी आणि निर्यातदारांनी पार्लमेंटकडे अर्जांचा पाऊस पाडला. फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनची सभागृहात जबानी झाली. लष्कर पाठवलं तर काय होईल, यावर त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की शिपायांना तिथे बंड सापडणार नाही, पण ते गेले तर बंड उभं राहील. मार्चमध्ये कायदा मागे घेतला गेला. वसाहतींमध्ये रोषणाई झाली, राजाच्या नावाने प्याले उंचावले. त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या एका कायद्याकडे गडबडीत फारसं कोणी पाहिलं नाही. अमेरिकेवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा पूर्ण अधिकार पार्लमेंटला आहे, असं त्यात नोंदवलेलं होतं. कर गेला, पण अधिकाराचा दावा राहिला.

पगार कोणाच्या हातचा

तो दावा वापरून पाहणारा माणूस वर्षभरातच आला. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर अमेरिकेच्या बंदरात जकात बसवली. चहावर पौंडामागे तीन पेन्स. अंतर्गत कर नको म्हणता ना, मग ही बाहेरची जकात घ्या, असा त्याचा डाव होता. अपेक्षित उत्पन्न वर्षाला फक्त चाळीस हजार पौंड. त्याच वर्षी पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीकडून सरकारी तिजोरीसाठी वर्षाला चार लाख पौंड कबूल करून घेतले. ती रक्कम बंगालच्या वसुलीच्या भरवशावर होती. या दोन आकड्यांकडे शेजारी शेजारी पाहिलं की कळतं, अमेरिकेतला पैसा लंडनसाठी किती किरकोळ होता.

मग एवढा अट्टहास कशासाठी? टाउनशेंडच्या कायद्यातच उत्तर होतं: या पैशातून वसाहतींमधल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे. तोवर बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार तिथली विधानसभा मंजूर करायची. गव्हर्नरने फार ताणलं तर विधानसभा पगार अडवायची. वसाहतवाल्यांच्या हातात खरी ताकद होती ती एवढीच. तीन पेन्सची जकात त्या ताकदीच्या मुळावर येत होती. इथे कराची रक्कम गौण ठरते. कर भरणाऱ्याने पगार द्यायचा आणि अधिकाऱ्याने हिशेब मात्र दुसऱ्याला द्यायचा, ही रचना एकदा बसली की विधानसभा म्हणजे नुसती चर्चामंडळी होणार होती.

हा मुद्दा घरोघरी नेला जॉन डिकिन्सनने. फिलाडेल्फियाचा हा सधन वकील साध्या शेतकऱ्याच्या नावाने वर्तमानपत्रात लिहू लागला. त्याची बारा पत्रं बहुतेक साऱ्या वसाहतींच्या वर्तमानपत्रांनी उचलली. त्याचं सांगणं असं: जकात आतली की बाहेरची हा वाद सोडा, तिचा हेतू महसूल आहे का एवढंच पाहा. आणि रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. लहान रकमेनेच पायंडा पडतो.

पुन्हा बहिष्कार आला, पण आता तो व्यापाऱ्यांच्या करारापुरता राहिला नाही. इंग्रजी कापड नको तर घरचं कापड हवं, आणि ते विणणार कोण? न्यू इंग्लंडच्या गावोगावी बायका चरखे घेऊन पाद्र्याच्या घरी जमू लागल्या, दिवसभर सूत कातू लागल्या आणि वर्तमानपत्रं त्या दिवशी किती लडी निघाल्या ते छापू लागली. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पदवीदान समारंभाला हातमागाचे कपडे घातले. चहाऐवजी रासबेरीच्या पानांचा आणि रानटी झुडपांचा काढा प्यायला गेला. ज्यांना मत नव्हतं, ज्यांना सभेत बोलायला जागा नव्हती, अशा स्त्रियांच्या रोजच्या खरेदीला अचानक राजकीय वजन आलं. १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या इडन्टनच्या ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा लंडनच्या व्यंगचित्रकाराने त्यांची टर उडवली. ती टर म्हणजे वार लागल्याची पावतीच होती.

या बहिष्काराची दुसरी बाजूही होती. जो दुकानदार ऐकत नसे त्याचं नाव छापलं जायचं, दुकानाच्या पाटीवर घाण फासली जायची, गिऱ्हाइकांना अडवलं जायचं. जकातीच्या माणसांना आणि खबऱ्यांना अंगाला डांबर फासून, वर पिसं चिकटवून गाड्यावरून फिरवायचे. गरम डांबराने कातडी सोलली जायची. फेब्रुवारी १७७० मध्ये बॉस्टनला अशाच एका दुकानासमोरच्या निदर्शनात जकात खात्याच्या माणसाने घरातून गोळी झाडली आणि ख्रिस्तोफर सायडर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा मेला.

१७६८ पासून बॉस्टनमध्ये लष्कर होतं. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात लाल डगलेवाले शिपाई रिकाम्या वेळी दोरखंडाच्या कारखान्यात कमी मजुरीवर काम मागायचे, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. ५ मार्च १७७० च्या रात्री जकात कचेरीसमोर जमावाने बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकली, शिपायांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि अमेरिकी आदिवासी वंशाचा खलाशी होता. शिपायांचं वकीलपत्र चळवळीतल्याच जॉन ॲडम्सने घेतलं आणि बहुतेकांना सोडवलं.

योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने टाउनशेंडच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. फक्त चहावरची ठेवायची, कारण दावा सोडला असं दिसता कामा नये. चहाची जकात राखायचा निर्णय आदल्या वर्षी मंत्रिमंडळात पाच विरुद्ध चार अशा एका मताने झाला होता. व्यापाऱ्यांना एवढं पुरेसं होतं, बहिष्कार ढिला पडला. पुढची तीन वर्षं तशी शांत गेली.

कंपनीचा चहा

ती शांतता मोडली कंपनीच्या दिवाळखोरीने. १७६९-७० च्या दुष्काळात बंगालमध्ये अपरिमित माणसं मेली. कंपनीने वसुली थांबवली नाही, तरी लष्करावरचा खर्च, नोकरांची लूट आणि भागधारकांना वाटलेला लाभांश यांनी तिजोरी खाल्ली. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या. कंपनीच्या वखारींमध्ये एक कोटी सत्तर लाख पौंड वजनाच्या आसपास चहा पडून होता. तो सगळा चीनचा. हिंदुस्थानात चहाची लागवड अजून व्हायची होती. अमेरिकेत चहा भरपूर खपत होता, पण बराचसा डच व्यापाऱ्यांकडून चोरून आलेला.

१७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीला वाचवायला तीन गोष्टी केल्या. १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं. रेग्युलेटिंग ॲक्टने तिच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर लगाम घातला. आणि चहाच्या कायद्याने तिला लंडनच्या लिलावाला वळसा घालून चहा थेट अमेरिकेत, आपल्या नेमलेल्या अडत्यांकडे पाठवायची परवानगी दिली. इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळणार, त्यामुळे चहा स्वस्त. अमेरिकेतले तीन पेन्स मात्र कायम. तेही काढून टाका, असा सल्ला नॉर्थला सभागृहातच मिळाला होता. त्याने ऐकलं नाही.

स्वस्त चहा हे आमिष आहे, हे वसाहतींमध्ये लगेच ओळखलं गेलं. तो विकत घेतला की जकात भरली, आणि जकात भरली की अधिकार मान्य. त्यात चोरट्या चहावाल्यांचं पोट होतं, डावललेल्या व्यापाऱ्यांचं होतं, आणि आज चहा तर उद्या सगळाच माल या मक्तेदारीच्या हातात जाईल ही भीतीही होती. फिलाडेल्फियात निघालेल्या एका पत्रकात डिकिन्सनने कंपनीच्या बंगालमधल्या वर्तनाकडे बोट दाखवून विचारलं, की तिथल्या लोकांचं ज्यांनी हे केलं त्यांना आपण दारात उभं करायचं का.

बॉस्टनमधले अडते होते आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनचे दोन मुलगे आणि त्यांचे सोयरेधायरे. गव्हर्नरचा पगारही आता चहाच्या जकातीतूनच निघत होता. ‘डार्टमथ’ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करणार; म्हणजे चहा उतरणारच. जहाज परत न्यायचं तर गव्हर्नरचा परवाना हवा. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात पाच हजारांच्या आसपास माणसं ताटकळत बसली आणि मालक फ्रान्सिस रॉच हा गव्हर्नरकडे परवाना मागायला मिल्टनला गेला. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन परतला.

नंतरचं काम दोनेक तासांत उरकलं. शंभर-सव्वाशे माणसं, काहींनी काजळी फासून, घोंगड्या पांघरून मोहॉक आदिवासींचं सोंग घेतलेलं, ग्रिफिनच्या धक्क्यावरच्या तीन जहाजांवर चढली. खोके वर ओढले, कुऱ्हाडीने फोडले, चहा पाण्यात लोटला. ओहोटी होती, पाणी उथळ होतं, त्यामुळे चहाचे ढीग गंजीसारखे जहाजाच्या कडेला चढू लागले आणि पोरांना खाली उतरून ते पाण्यात पसरावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला तर त्याला तिथेच उघडा पाडून पिटाळलं. बाकी कशाला हात लावला नाही; एक कुलूप तुटलं तर ते नंतर भरून दिलं. ३४२ खोके, सुमारे ४२ टन चहा, किंमत ९,६५९ पौंड. फिलाडेल्फियातून चहाचं जहाज तसंच परत गेलं. चार्ल्सटनमध्ये चहा उतरला, पण तळघरात पडून राहिला आणि पुढे बंडखोरांनीच तो विकून लढाईला पैसा केला.

समित्यांचं राज्य

लंडनने याला उत्तर दिलं ते शिक्षेचं. चहाची भरपाई होईपर्यंत १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार, गावसभांवर बंधनं. हेतू बॉस्टनला एकटं पाडण्याचा होता. झालं उलट. साउथ कॅरोलिनाने तांदूळ पाठवला, कनेक्टिकटमधून मेंढरांचे कळप हाकत आणले गेले, व्हर्जिनियाच्या विधानसभेने उपवासाचा दिवस पाळला. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या सुतारांच्या सभागृहात जमले आणि त्यांनी १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात बंद ठेवायचं ठरवलं. करारात घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी आणि मर्तिकातली उधळपट्टीही टाळायला सांगितलं होतं.

त्यातलं एक कलम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं ठरलं: प्रत्येक तालुक्यात, शहरात आणि गावात निवडून एक समिती नेमायची, तिने लोकांच्या वागण्यावर नजर ठेवायची आणि करार मोडणाऱ्याचं नाव जाहीर करायचं. हजारो साधे शेतकरी, दुकानदार, कारागीर या समित्यांवर आले. त्या गोदामं तपासत, हिशेबवह्या मागत, भाव ठरवत, संशयितांना माफी मागायला लावत. जुलमी वाटावं इतकं त्यांचं चाले, पण लोक त्यांचंच ऐकत. ब्रिटनमधून येणारा माल वर्षभरात पंचवीस लाख पौंडांवरून दोन लाखांच्या आसपास घसरला. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली तेव्हा राजाचे गव्हर्नर आपापल्या कचेरीत होते, पण राज्य समित्यांच्या हातात गेलेलं होतं. करविरोधाची खरी कमाई ही. दहा वर्षं बहिष्कार राबवता राबवता वसाहतींनी कारभार करायला शिकून घेतलं.

१७७८ मध्ये, साराटोगाच्या लढाईतल्या पराभवानंतर, पार्लमेंटने कायदा करून अमेरिकेतल्या वसाहतींवर महसुलासाठी कर लावण्याचा हक्क सोडला. तेरा वर्षं अडून धरलेली गोष्ट लेखी देऊन टाकली. तोवर मागणी स्वातंत्र्याची झाली होती.

१७७३ च्या त्या कायद्यांची झळ मराठी मुलखालाही लागली. रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबईला कलकत्त्याच्या ताब्यात दिलं होतं. तरी मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये साष्टी आणि वसईच्या लोभाने राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो नामंजूर केला आणि मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. ज्या बंगालच्या महसुलावर कंपनी उभी होती, तिथल्या रयतेची संमती विचारण्याचा प्रश्न यात कोणाच्याच मनात आला नाही.

तो प्रश्न अमेरिकेतही सगळ्यांसाठी नव्हता. एप्रिल १७७३ मध्ये बॉस्टनमधल्या चार गुलामांनी विधानसभेच्या सभासदांना विनंती केली, की तुम्ही स्वतःला गुलाम होऊ देणार नाही म्हणता, तर आमचाही विचार करा. विचार झाला नाही. आणि नव्या देशाने १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर लावला, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी वसुलीवाल्यांना तेच जुनं डांबर फासलं. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन तेरा हजारांची फौज घेऊन निघाला. सरकारचं उत्तर असं होतं, की यावेळी तुमचे प्रतिनिधी सभागृहात आहेत. कर आवडत नसेल तर मतदानाने बदला. हे उत्तर टिकलं, कारण ते खरं होतं.

जिथे ते आजही खरं नाही, ती जागा वॉशिंग्टनच्याच नावाची आहे. राजधानीच्या वॉशिंग्टन डीसीमधले सुमारे सात लाख रहिवासी संघराज्याचा प्राप्तिकर भरतात, पण सिनेटमध्ये त्यांचा सभासद नाही आणि प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला कायद्यावर अंतिम मत देता येत नाही. २००० सालापासून तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर प्रतिनिधित्वाविना कराची तक्रार छापलेली असते. ही प्लेट शहराचं सरकारच देतं, आणि संघराज्याच्या कराचा तिथला दर देशाच्या इतर भागांसारखाच आहे.